टास्क मॅनेजरचा ताळा लागेना: ८ जीबीच्या घरगुती पीसीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतलं एक घर. काकू अकरावी-बारावीच्या कॉमर्सच्या मुलांना घरीच अकाउंट्स शिकवतात, काका रिटायर झालेत. नावगाव आणि ओळख पटेल असं बाकीचं काही इथे देत नाही, मशीनचे आकडे मात्र तेव्हा लिहून घेतले होते तेच आहेत.

पीसी तसा बरा. दहाव्या जनरेशनचा आय-थ्री, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११, आणि ८ जीबी डीडीआर-४ ची एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. काम म्हणजे टॅली, पीडीएफ नोट्स, प्रिंटिंग, आणि बाहेरगावच्या मुलांसाठी संध्याकाळी ऑनलाइन क्लास. पीसी आतल्या खोलीत आणि राउटर हॉलमध्ये, त्यामुळे रेंज पुरायची नाही म्हणून काही महिन्यांपूर्वी एक यूएसबी वायफाय डोंगल घेतला होता आणि त्याच्यासोबत आलेलं सगळं सॉफ्टवेअर सेटअपमध्ये नेक्स्ट-नेक्स्ट करत टाकलं होतं. ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगितली नाही, कारण मेमरीच्या तक्रारीशी वायफायचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

समस्या

क्लास चालू असताना अर्ध्या तासाने व्हिडिओ अडकायचा, टाइप केलेलं दोन सेकंदांनी उमटायचं, ब्राउझरचा एखादा टॅब मेमरी संपली म्हणून पडायचा. विंडोजचा टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम किती मेमरी घेतोय ते दाखवणारी खिडकी, उघडला की मेमरी ९१ टक्के. कुणीतरी सांगितलं की जास्त खाणारा प्रोग्रॅम शोधा आणि बंद करा, तर शोधायला गेलं की सगळ्यात वर ब्राउझर आणि तोही जेमतेम एक जीबी.

इथे काकूंनी जे केलं त्याचं मला खरंच कौतुक आहे. प्रोसेसेस टॅबवर मेमरीच्या कॉलमवर क्लिक करून मोठ्या आकड्यापासून उतरती यादी लावली, रजिस्टरमध्ये एकाखाली एक आकडे उतरवले, दहा एमबीच्या खालचे सगळे मिळून अंदाजे धरले आणि बेरीज मारली. आली २.२ जीबी. परफॉर्मन्स टॅबवर मात्र इन यूज ७.१ जीबी. मला फोनवर त्यांचं पहिलं वाक्यच हे होतं, "अरे, ताळाच लागत नाहीये. पावणेपाच-पाच जीबी गेले कुठे ते दाखव मला, मग रॅम घ्यायची का नाही ते ठरवू."

तोपर्यंत दोन सल्ले येऊन गेले होते. दुकानदार म्हणाला अजून ८ जीबी टाका, आजकाल ८ मध्ये काही होत नाही. भाचा म्हणाला फॉरमॅट मारू. दोघांनीही आकडे बघितले नव्हते.

आकडे नक्की काय सांगत होते

हा भाग जरा सावकाश लिहितो कारण सगळा गोंधळ इथेच होतो, आणि या काकूंसारखा प्रश्न पडलेली माणसं खूप आहेत.

प्रोसेसेस टॅबवरचा मेमरी कॉलम म्हणजे त्या प्रोग्रॅमची फक्त स्वतःची, दुसऱ्या कुणाशी न वाटलेली आणि आत्ता या क्षणी रॅममध्ये असलेली मेमरी. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या डीएलएल फायली त्यात येत नाहीत. विंडोजच्या कर्नलने, म्हणजे अगदी आतल्या गाभ्याने, आणि ड्रायव्हरनी, म्हणजे त्या गाभ्याला जोडून चालणाऱ्या आणि बहुतेक करून हार्डवेअर हाताळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनी, घेतलेली मेमरी येत नाही. विंडोज १० पासून मेमरी कॉम्प्रेशन आलंय, म्हणजे कमी वापरातली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर टाकण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवायची, तो दाबलेला गठ्ठाही या यादीत कुठल्या प्रोग्रॅमच्या नावावर दिसत नाही. तेव्हा यादीची बेरीज इन यूजपेक्षा कमी येणार हे ठरलेलंच आहे, घरच्या मशीनवर एक-दीड जीबीचा फरक असला तर मी त्याच्याकडे लक्षही देत नाही. इथे फरक ४.९ जीबीचा होता, आणि तोही एकूण वापरण्याजोग्या ७.८ जीबीतला.

दुसरी गंमत कॅश्ड नावाच्या आकड्याची. लोक तो इन यूजमध्ये मिळवतात किंवा बघून घाबरतात. कॅश्ड म्हणजे वाचलेल्या फायलींच्या वगैरे प्रती रॅममध्ये ठेवलेल्या असतात, लागल्या तर डिस्कवर जायला नको म्हणून, आणि त्यातला बहुतेक भाग कुणी मेमरी मागितली की लगेच देऊन टाकता येतो, म्हणूनच तो अव्हेलेबलमध्येही मोजला जातो. एकच रक्कम दोन ठिकाणी दिसते. त्यामुळे कॅश्ड मोठा असणं हे चांगलं लक्षण, आणि या मशीनवर तो अगदीच बारीक, अर्ध्या जीबीच्या आसपास होता, म्हणजे विंडोजने कॅशसुद्धा सोडून दिली होती आणि तरी भागत नव्हतं. तेव्हा "काही नसतं हो, विंडोज रिकामी रॅम वापरतंच" हे नेहमीचं उत्तर इथे लागू नव्हतं, त्रास खरा होता.

कमिटेड १३.८ पैकी ११.२ जीबी दाखवत होतं. हे म्हणजे विंडोजने सगळ्यांना मिळून किती मेमरी द्यायचं कबूल केलंय, आणि रॅम अधिक पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) मिळून किती देता येईल. ८ जीबीच्या मशीनवर हा आकडा रॅमच्या वर गेलाय म्हणजे पेजफाइलच्या भरवशावर गाडी चाललीय. टाइप केलेलं उशिरा उमटतं ते याच ओढाताणीमुळे.

आणि मग त्याच पानावर खाली कोपऱ्यात, जिथे कुणी बघत नाही तिथे, नॉन-पेज्ड पूल: ३.२ जीबी.

नॉन-पेज्ड पूल म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हरनी घेतलेली अशी मेमरी जी कधीच डिस्कवर टाकता येत नाही, रॅममध्येच राहावी लागते. अशा घरगुती मशीनवर मी तो काहीशे एमबीच बघितलाय. हा आकडा दिसल्यावर ताळा लागला: यादीतले २.२, नॉन-पेज्ड पूल ३.२, पेज्ड पूल (कर्नलची डिस्कवर टाकता येणारी मेमरी) ०.४, कॉम्प्रेस्ड ०.६, आणि उरलेले ०.७ शेअर्ड फायली, पेज टेबल (कुठलं पान कुठे आहे त्याची नोंद) असं किरकोळ. झाले ७.१. सिसइंटर्नल्सचं रॅममॅप नावाचं फुकटचं टूल आहे, मायक्रोसॉफ्टचंच, ते रिमोटवरून चालवून यूज काउंट्सच्या पहिल्या पानावर हीच फोड पडताळून घेतली.

पहिला निर्णय: रिस्टार्ट करायचं की नाही

हात शिवशिवत होता रिस्टार्टकडे. पण रिस्टार्ट केलं की लीक असेल, म्हणजे कुणी मेमरी घेऊन परत करत नसेल, तर पूल रिकामा होणार, पुरावा जाणार आणि पुन्हा भरेपर्यंत वाट बघत बसावं लागणार. म्हणून आधी रॅममॅपचा आणि टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट घेतला, ब्राउझर, टॅली सगळं बंद करायला लावलं. इन यूज ७.१ वरून ५.४ वर आलं, नॉन-पेज्ड पूल ३.२ चा ३.२. म्हणजे उघडलेल्या प्रोग्रॅमांवर त्याचा भार नाही, हे कुठल्यातरी ड्रायव्हरचं काम.

मी विचारलं, पीसी बंद करता ना रोज? काका मागून म्हणाले, "रोज रात्री मी स्वतः शटडाउन करतो आणि बोर्डाचं बटणसुद्धा बंद करतो." आणि सीपीयूच्या पानावर अप टाइम दाखवत होता १९ दिवस.

दोन्ही खरं होतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आहे आणि बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू असतं. शटडाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, लॉगआउट होतं, पण कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. बोर्डाचं बटण बंद केल्याने त्यात काही फरक पडत नाही. ड्रायव्हरने गळती केली असेल तर ती गळतीही रात्री फाइलमध्ये जाते आणि सकाळी परत येते. खरी नवी सुरुवात रिस्टार्टने होते. हे माहीत नसताना "मी तर रोज बंद करतो" म्हणणाऱ्या माणसाला कुणी लीकचं सांगितलं तर त्याने का विश्वास ठेवावा?

यातून आणखी एक कोडं सुटलं. काकूंचं निरीक्षण होतं की महिन्याचा अपडेट आला की चार-आठ दिवस पीसी मस्त चालतो आणि मग परत बिघडतो, त्यामुळे त्यांना वाटायचं अपडेटमध्ये काहीतरी दुरुस्ती येते. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे पोचेपर्यंत बुधवार उजाडतो, आणि ते बसताना रिस्टार्ट होतो. सुधारणा रिस्टार्टची होती, नाव अपडेटचं होत होतं.

समोर असलेले पर्याय

रॅम वाढवणं. हे अगदीच चूक नव्हतं, ऑनलाइन क्लास घेणाऱ्या मशीनला १६ जीबी शोभतात. पण १९ दिवसांत साधारण ३ जीबी, म्हणजे दिवसाला दीडशे-एकशेसाठ एमबी गळतायत, तर नवे ८ जीबी भरायला फार तर दीड-पावणेदोन महिने लागतील. मधे दर महिन्याला अपडेटचा रिस्टार्ट होणार, त्यामुळे त्रास बहुतेक दिसेनासाच झाला असता. आणि नेमकं हेच मला नको होतं, कारण पैसे देऊन रोग झाकला असता आणि दुकानदाराचा सल्ला बरोबर होता असं सगळ्यांना वाटलं असतं.

फॉरमॅट. फॉरमॅट मारून परत तेच ड्रायव्हर, तेच सॉफ्टवेअर टाकणार, म्हणजे महिनाभरात परत तेच. आणि टॅलीचा डेटा, प्रिंटरचं सेटिंग हे सगळं नव्याने.

रॅम क्लीनर. याच्याबद्दल मला स्पष्टच बोलायचंय. ही सॉफ्टवेअरं चालू प्रोग्रॅमांची पानं रॅममधून बाहेर ढकलतात आणि कॅश रिकामी करतात, टक्केवारी खाली येते, माणूस खूश होतो, आणि पुढच्या मिनिटाला तीच पानं परत आणायला डिस्क पळते. नॉन-पेज्ड पूलला तर ती हातसुद्धा लावू शकत नाहीत. टाकायचं नाही, ठरलं.

रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतली, युक्ती. यूट्यूबवर नॉन-पेज्ड पूल म्हणून शोधलं की हमखास सापडते: एनडीयू नावाच्या सेवेची स्टार्ट व्हॅल्यू ४ करा. एनडीयू हा विंडोजचा नेटवर्क डेटा मोजणारा ड्रायव्हर, ४ केलं की तो बंद. काही मशीनवर याने फरक पडल्याचं लोक सांगतात, पण आपल्याकडे दोषी तोच आहे का हे बघितल्याशिवाय बंद करणं म्हणजे नुसता अंदाज, आणि मग टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा कॉलमही शून्य दाखवायला लागतो, म्हणजे तपासायचं एक साधन आपणच घालवायचं.

राहिला पर्याय म्हणजे नेमका ड्रायव्हर शोधणं. काकूंना विचारलं, तोवर तात्पुरता उपाय म्हणून रोज शटडाउनऐवजी रिस्टार्ट करून मग बंद करा, चालेल का? त्या म्हणाल्या चालेल, पण कारण सापडलं पाहिजे.

काय केलं

नॉन-पेज्ड पूलमधून जो ड्रायव्हर मेमरी घेतो तो त्यावर चार अक्षरांपर्यंतचा टॅग लावतो. पूलमॉन नावाचं टूल हे टॅग दाखवतं, मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये येतं, किट भलं मोठं आहे पण त्यातली पूलमॉनची एकटी एक्झी फाइल कॉपी केली तरी चालते. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून चालवलं, पी दाबत दाबत फक्त नॉन-पेज्ड ठेवलं, बी दाबून बाइट्सप्रमाणे लावलं. पहिल्या ओळीतला एक टॅग एकटाच अडीच जीबीच्या वर, दुसरी ओळ त्याच्या आसपासही नाही.

बाइट्सपेक्षाही बघायची गोष्ट म्हणजे त्या ओळीतले अॅलॉक्स, फ्रीज आणि डिफ हे तीन कॉलम. किती वेळा मेमरी घेतली, किती वेळा परत केली, आणि दोन्हीतला फरक. चांगल्या ड्रायव्हरचा डिफ वरखाली होत राहतो. इथे यूट्यूबवर एक व्हिडिओ लावायला सांगितला तर डिफ फक्त वरच चढत होता, व्हिडिओ थांबवला की तिथेच थांबायचा, खाली कधीच नाही.

मग टॅग कुणाचा ते शोधायचं. सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जाऊन फाइंडएसटीआर कमांडने सगळ्या एसवायएस, म्हणजे ड्रायव्हरच्या, फायलींत ती चार अक्षरं शोधली. तीन फायली निघाल्या, कारण चार अक्षरं कुठेही योगायोगाने सापडू शकतात, त्यामुळे पहिली सापडलेली फाइल पकडून बसायचं नसतं. तिन्हीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या कुणाच्या ते बघितलं, दोन मायक्रोसॉफ्टच्या आणि एक त्या डोंगलसोबत आलेल्या सॉफ्टवेअरची. तेव्हा कुठे डोंगलची गोष्ट बाहेर आली.

दुसरा निर्णय: काढून टाकायचं की आधी खात्री करायची

काका म्हणाले फेकून द्या तो डोंगल. पण डोंगलचा मूळ ड्रायव्हर वेगळा आणि त्या सॉफ्टवेअरने नेटवर्कच्या मधे बसवलेला फिल्टर वेगळा. हा फिल्टर व्हिडिओला, गेमला प्राधान्य देतो असा दावा करणारा. असे फिल्टर अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये इंटरनेट प्रोटोकॉल वगैरेच्या यादीतच एक ओळ म्हणून दिसतात आणि समोर टिक असते. म्हणून आधी नुसती ती टिक काढली, जी हवी तेव्हा परत लावता येते, आणि रिस्टार्ट केलं. नॉन-पेज्ड पूल ०.२५ जीबीवर आला, पण तो रिस्टार्टने येणारच होता, त्याला पुरावा म्हणत नाहीत. त्याच डोंगलवरून तोच व्हिडिओ परत लावला, शेजारी पूलमॉन उघडं. तो टॅग वरच्या ओळींतून गायब. टिक परत लावली, पुन्हा व्हिडिओ, डिफ लगेच चढायला लागला. परत काढली, थांबला. आता शंका नाही.

मग ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं, डोंगल विंडोज अपडेटने दिलेल्या ड्रायव्हरवर ठेवला, रेंज आणि स्पीड दोन्ही होतं तसंच राहिलं. फास्ट स्टार्टअपही पॉवर ऑप्शन्समधून बंद केलं. एसएसडी असल्यामुळे सुरू व्हायला काही सेकंदच जास्त लागतात आणि त्याच्या बदल्यात शटडाउन म्हणजे खरोखर शटडाउन होतं.

परिणाम

पुढच्या काही आठवड्यांत काकू आठवड्यातून एकदा नॉन-पेज्ड पूलचा आकडा रजिस्टरमध्ये लिहीत होत्या. तो पाव जीबीच्या आसपास वरखाली होत राहिला. क्लास अडकायचा थांबला.

मधे एकदा त्यांचा घाईघाईने फोन आला की काहीच उघडलेलं नाही तरी ४२ टक्के आणि कॅश्ड ३ जीबीच्या वर. यावेळी घाबरण्यासारखं काही नव्हतं. विंडोज, अँटिव्हायरस, ग्राफिक्स, मागे चालणारी क्लाउडची सिंक हे सगळं मिळून ८ जीबीतले तीन-सव्वातीन जातातच, आणि कॅश आता फुगलीय कारण तिला जागा मिळालीय. त्यांना एवढंच सांगितलं की टक्केवारी बघू नका, अव्हेलेबल किती उरतंय आणि काम करताना मशीन अडतंय का ते बघा.

रॅमचा विषय त्यांनी दोन महिन्यांनी परत काढला. क्लास चालू असताना टॅली, पीडीएफ आणि वीस टॅब उघडे असताना अव्हेलेबल एक जीबीच्या खाली जातं, म्हणजे आता जी टंचाई आहे ती खऱ्या कामाची आहे. तेव्हा ८ जीबीची दुसरी स्टिक घेतली, आणि ती घ्यायला मीच हो म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. अप टाइम आणि नॉन-पेज्ड पूल हे दोन आकडे टास्क मॅनेजरमध्येच आहेत, कुठलंही टूल लागत नाही, ते सगळ्यात आधी विचारले असते तर पहिल्या फोनवरच ड्रायव्हरचा संशय आला असता. "अलीकडे काय नवीन जोडलंय" हा प्रश्नही तेव्हाच विचारण्यासारखा, आणि सॉफ्टवेअर एवढंच न विचारता यूएसबीला काय लावलंय हेही विचारायचं.

पूलमॉन हे घरच्या माणसाने चालवायचं टूल नाही, हे मला मान्य आहे. ज्यांच्याकडे ते चालवायला कुणी नसेल त्यांनी सोपी वाट धरावी: पूल फुगलेला दिसला की रिस्टार्ट करून आकडा लिहून ठेवायचा, मग बाहेरून आलेलं एकेक ड्रायव्हरवालं सॉफ्टवेअर, म्हणजे वायफाय-लॅनच्या युटिलिटी, व्हीपीएन, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस, काढून दोन-दोन दिवस आकडा बघायचा. वेळ जास्त जातो पण पोचतो माणूस.

आणि डोंगलच्या कंपनीला सगळे स्क्रीनशॉट, टॅगचं नाव आणि फाइलची व्हर्जन घालून मेल टाकला होता. त्यांनी नवीन व्हर्जनची लिंक पाठवली. ती वापरून बघायचं काकूंनी नको म्हटलं, फिल्टरशिवाय डोंगल नीट चालतोय तर त्याची गरज काय, आणि मलाही ते पटलं.